पाण्याला खेटून येणारं क्षेपणास्त्र आणि सेकंदांचा बाजार

४ मे १९८२. फॉकलंड बेटांवरून ब्रिटनशी युद्ध चालू असताना, त्या बेटांजवळ अर्जेंटिनाची दोन सुपर एतांदार विमानं समुद्राला पोट घासत असल्यासारखी येत होती. मध्येच ती थोडी वर उचलली गेली, रडारनं एक नजर टाकली, प्रत्येकानं एकेक एक्झोसे क्षेपणास्त्र सोडलं आणि पाठ फिरवली. एक वाया गेलं. दुसरं 'शेफील्ड' या ब्रिटिश विनाशिकेच्या दिशेनं निघालं. जहाजावरच्या माणसांना धुराची रेघ दिसली तेव्हा त्यांच्या हातात मोजके सेकंद उरले होते. २० जण गेले. पाण्याच्या नळांची मुख्य वाहिनीच तुटल्यामुळे आग विझवता आली नाही. जहाज जळत राहिलं आणि ओढून नेत असताना १० मे रोजी बुडालं.

एक्झोसे म्हणजे फ्रेंचमध्ये उडणारा मासा. शस्त्रांना गरुड, वाघ, वीज अशी नावं द्यायची पद्धत असताना फ्रेंचांनी मासा निवडला, आणि तेच नाव चपखल बसलं. पाण्यापासून काही मीटर उंचीवरून येणाऱ्या या क्षेपणास्त्रांच्या जातीला नौदलातले लोक 'सी-स्किमर' म्हणतात. दुधावरची साय चमच्यानं अलगद काढावी, तसा हा शब्द आहे. आज डझनभराहून अधिक देश अशी क्षेपणास्त्रं बनवतात आणि विकत घेणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत. ही मागणी का वाढते आहे हे कळायला आधी एक जुनी गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ती म्हणजे पृथ्वी गोल आहे.

दूर जाणारं जहाज बघताना आधी त्याचा खालचा भाग दिसेनासा होतो आणि डोलकाठी सर्वांत शेवटी. रडारचंही तसंच. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, समुद्राची पाठ मात्र खाली वळत जाते. किती लांबचं दिसेल याचा एक कामचलाऊ हिशेब आहे. रडारच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढायचं, ४.१२ नं गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. समोरच्या वस्तूच्या उंचीचंही तसंच करायचं आणि दोन्हींची बेरीज घ्यायची.

समजा जहाजाचं रडार पाण्यापासून २० मीटर उंच बसवलंय. ९ हजार मीटरवरून येणारं विमान त्याला सुमारे ४१० किलोमीटरवरून दिसू शकतं. क्षेपणास्त्र ३०० मीटरवरून येत असेल तर अंतर ९० किलोमीटरवर येतं. आणि ते ४ मीटरवरून आलं तर? सुमारे २७ किलोमीटर. तोवर ते रडारच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसतं. रडार कितीही महागडं घ्या, वर्गमूळ बदलत नाही.

एक्झोसेचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा किंचित कमी, म्हणजे सेकंदाला साधारण ३१५ मीटर. २७ किलोमीटर कापायला त्याला दीड मिनिटसुद्धा लागत नाही. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात लाटांवरून परत येणाऱ्या लहरींच्या गोंगाटातून तो ठिपका वेगळा काढायचा, तो पक्षी नाही, होडी नाही, आपलंच हेलिकॉप्टर नाही हे ठरवायचं, वरिष्ठांना सांगायचं, त्यांनी हुकूम द्यायचा, तोफ वळायची. विकणारा जे विकतो ते म्हणजे समोरच्याकडून हिरावून घेतलेले सेकंद. माझ्या मते या सगळ्या बाजाराचं मोजमाप याच एककात करावं. पल्ला, स्फोटकाचं वजन, वेग हे आकडे माहितीपत्रकात ठळक छापतात, पण शेवटी सगळे तिथेच येऊन मिळतात.

आता हे लाटांच्या इतक्या जवळून उडतं कसं? पोटाखाली एक छोटा रडार-उंचीमापक असतो. तो सतत खाली लहरी सोडून पाणी किती दूर आहे ते मोजत राहतो आणि त्याप्रमाणे पंख हलतात. समुद्र खवळलेला असेल तर थोडं वरून उडावं लागतं, नाहीतर एखादी लाटच त्याला गिळेल. वाटेतला बहुतेक प्रवास ते स्वतःच्या अंदाजानं करतं. कुठून निघालो, किती वळलो, किती वेळ गेला हे आतली यंत्रणा मोजते, नव्या पिढीत उपग्रहाचीही मदत असते. डोळा, म्हणजे सीकर, अगदी शेवटी उघडतो. तो आधी उघडला तर अंधारात बॅटरी लावून चालणाऱ्या चोरासारखी गत होते, कारण त्याच्या रडारच्या लहरी जहाजावरचं संवेदक यंत्र लगेच पकडतं.

जहाजावर आदळल्यावर लगेच स्फोट होत नाही, तो किंचित उशिरा व्हावा अशी योजना असते. आधी आत घुसायचं, मग फुटायचं. एक्झोसेचं स्फोटक जेमतेम १६५ किलोंचं आहे. पण उरलेलं इंधनही आत पेटतं. शेफील्डवरचं स्फोटक फुटलं की नाही यावर तर अनेक वर्षं वाद चालला. जहाज मात्र दोन्ही प्रकारे गेलंच.

या शस्त्राची पहिली पिढी मात्र इतकी खालून उडत नव्हती. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या छोट्या कोमार बोटींनी पोर्ट सैदजवळ इस्रायलची 'ऐलात' विनाशिका सोव्हिएत बनावटीच्या पी-१५ क्षेपणास्त्रांनी बुडवली, ४७ नौसैनिक मेले. जगभरच्या नौदलांची झोप उडाली, कारण एवढीशी बोट एवढ्या जहाजाला लोळवू शकते हे पहिल्यांदा युद्धात सिद्ध झालं. चारच वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, भारतीय नौदलाच्या 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या बोटींनी तीच क्षेपणास्त्रं कराचीसमोर वापरली. ४ डिसेंबरचा नौदल दिन त्याचाच. पण पी-१५ शंभर ते तीनशे मीटर उंचीवरून यायचं, आणि १९७३ च्या युद्धात सीरियाच्या लताकिया बंदरासमोर इस्रायली बोटींनी त्यावर उतारा शोधला. ही क्षेपणास्त्रं येताना दिसत होती, त्यामुळे जॅमिंग करायला, म्हणजे त्यांचं रडार गोंधळात टाकायला, आणि धातूच्या पट्ट्यांचे ढग हवेत सोडून त्यांना चकवायला वेळ मिळाला. पाण्याला खेटून उडण्याची कल्पना तोवर रुजली होतीच. इस्रायलचं स्वतःचं गॅब्रिएल त्याच पद्धतीचं होतं, आणि ऐलात बुडाली त्याच वर्षी फ्रान्समध्ये एक्झोसेचं काम सुरू झालं होतं. अमेरिकेचं हार्पून १९७७ मध्ये आलं. पुढे ते सात हजारांहून जास्त संख्येनं बनलं आणि तीसच्या वर देशांत पोचलं.

फॉकलंडनं या मालाची जाहिरात केली, अशी जाहिरात पैसे देऊनही मिळत नाही. पण त्याच युद्धानं ग्राहकांना एक कडू गोष्टही शिकवली. अर्जेंटिनाकडे विमानातून सोडायची एक्झोसे होती फक्त पाच. आणखी मागवलेली होती, पण युद्ध सुरू होताच फ्रान्सनं पुरवठा थांबवला. पेरूच्या नावावरची खेप अर्जेंटिनाकडे वळेल या भीतीनं ब्रिटननं तीही अडवून धरायला लावली. पाच संपली की संपलं. तीही सगळीच वाया गेली नाहीत हे खरं. २५ मे रोजी युद्धनौकांनी सोडलेल्या पट्ट्यांच्या ढगांमुळे भरकटलेली क्षेपणास्त्रं 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजाला सापडली आणि त्याच्यासोबत ब्रिटिशांची तीन चिनूक हेलिकॉप्टरं गेली. सैन्याला बेटभर पायी चालावं लागलं, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

नळाची चावी विकणाऱ्याच्या हातात असते, हे कळल्यावर ज्यांना जमलं त्यांनी स्वतःची विहीर खणली. तैवाननं श्युंग-फेंग मालिका काढली, दक्षिण कोरियानं हेसाँग, तुर्कस्ताननं आत्माजा. इराणनं चिनी सी-८०२ वरून 'नूर' बनवलं. युक्रेननं सोव्हिएत काळातल्या ख-३५ च्या वंशातून 'नेपच्यून' घडवलं.

पण 'स्वतःची' या शब्दाकडे जरा बारकाईनं पाहावं लागतं. आवाजापेक्षा कमी वेगानं जाणाऱ्या क्षेपणास्त्राला एक छोटं टर्बोजेट इंजिन लागतं, आणि असं भरवशाचं, एकदाच वापरायचं, वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिलं तरी पहिल्या झटक्यात सुरू होणारं इंजिन बनवणारे जगात फार नाहीत. मायक्रोटर्बो नावाच्या एका फ्रेंच कंपनीची, जी आता साफ्रानचा भाग आहे, इंजिनं बघा कुठे कुठे आहेत. एक्झोसेच्या नव्या आवृत्तीत, नॉर्वेच्या एनएसएममध्ये, स्वीडनच्या आरबीएस-१५ मध्ये. तुर्कस्तानचं आत्माजासुद्धा सुरुवातीला फ्रेंच इंजिनावरच उडालं, नंतर त्यांनी घरचं इंजिन बसवलं. वेगवेगळ्या झेंड्यांखाली विकल्या जाणाऱ्या मालाच्या पोटात एकाच कारखान्याचं यंत्र, असा हा प्रकार.

इंजिनामुळे दुसरी एक गोष्ट बदलली. जुनं एक्झोसे रॉकेटवर चालायचं आणि त्याचा पल्ला ७० किलोमीटरच्या आसपास होता. टर्बोजेट आल्यावर तोच मासा १८० किलोमीटरच्या पुढे जाऊ लागला. खालची हवा दाट असते, तिच्यातून वाट काढायला इंधन जास्त जळतं, म्हणून कमी उंचीवर लांब पल्ला मिळवणं हे मुळातच खर्चिक काम आहे.

याच अडचणीतून बाजारात दोन घराणी झाली. एक घराणं वेगाचं. भारत आणि रशिया यांचं ब्रह्मोस त्यातलं. आवाजाच्या २.८ पट वेग, जहाजावरून सोडायच्या प्रकाराचं वजन सुमारे ३ टन. ते सगळा रस्ता पाण्यालगत जात नाही. बराचसा प्रवास पंधराएक किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत करतं आणि शेवटी खाली झेपावून दहाएक मीटरवर येतं. समोरच्याकडे मग अर्धं-पाऊण मिनिट उरतं. दुसरं घराणं लपण्याचं. नॉर्वेच्या कोंग्सबर्गचं एनएसएम आवाजापेक्षा हळू जातं, पण त्याचं वजन ४०० किलोंच्या आसपास आहे, आकार रडारला कमी दिसेल असा घडवलाय, आणि मुख्य म्हणजे त्याचा डोळा काहीच बाहेर सोडत नाही. उष्णतेची प्रतिमा बघून तो जहाज ओळखतो. बॅटरी न लावता चालणारा चोर.

कोणतं भारी, यावर हौशी लोक तासन्‌तास भांडतात. ग्राहकांचा कल मात्र बऱ्याच प्रमाणात हलक्या मालाकडे आहे. पोलंड, जर्मनी, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, स्पेन, रुमानिया, लाटविया, एनएसएमची यादी अशी वाढत गेली. कारण साधं आहे. ३ टनांचं क्षेपणास्त्र छोट्या जहाजावर किती बसणार? ४०० किलोंची दोन एका लहान ट्रकवर मावतात. नॉर्वेतला कारखाना पुरेना म्हणून कंपनीनं २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला आणि अमेरिकेत व्हर्जिनियाला कारखाने काढायचं जाहीर केलं.

ब्रह्मोसची निर्यातही सुरू झाली आहे. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सनं किनाऱ्यावरून मारा करणाऱ्या तीन तोफखान्यांसाठी सुमारे ३७ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला आणि पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोचली. ब्रह्मोसचा पल्ला बरीच वर्षं २९० किलोमीटर सांगितला जायचा. हा विचित्र आकडा अभियंत्यांनी नाही, नियमांनी ठरवला. १९८७ पासून एमटीसीआर नावाची एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. ५०० किलोंचा भार घेऊन ३०० किलोमीटर जाऊ शकणाऱ्या क्षेपणास्त्रांची देवघेव रोखणं हा तिचा हेतू. म्हणून दहा किलोमीटर अलीकडे थांबायचं. भारत २०१६ मध्ये त्या गटात सामील झाला आणि मग स्वतःच्या वापरासाठी पल्ला वाढवण्याची वाट मोकळी झाली. पाण्यालगत उडणारी बहुतेक क्षेपणास्त्रं आकारानंच लहान असल्यामुळे या व्यवस्थेतला सर्वांत कडक नियम त्यांना लागत नाही, आणि बाजार वाढायला ही फटही उपयोगी पडते.

किमतीबद्दल एक सावधानता. २०२० मध्ये अमेरिकेनं तैवानला ४०० हार्पून विकायला मंजुरी दिली तेव्हा रक्कम होती २३७ कोटी डॉलर. लगेच भागाकार करून एका क्षेपणास्त्राची किंमत काढणारे भेटतात. पण त्या रकमेत १०० पर्यंत लाँचर गाड्या होत्या, २५ रडार गाड्या होत्या, सुटे भाग आणि प्रशिक्षण होतं. क्षेपणास्त्र हा या सौद्यातला सर्वांत चमकदार भाग, एकमेव नाही. घन इंधन जुनं होतं, बॅटऱ्या उतरतात, त्यामुळे ठरावीक वर्षांनी माल दुरुस्तीला द्यावाच लागतो. विकणाऱ्याचं ग्राहकाशी नातं पंचवीस-तीस वर्षं टिकतं ते यामुळे.

आणि नुसतं क्षेपणास्त्र घेऊन काहीच होत नाही. ज्या क्षितिजानं शत्रूचं रडार आंधळं केलं, तेच क्षितिज तुमच्याही समोर आहे. किनाऱ्यावरच्या ट्रकला दीडशे किलोमीटरवरचं जहाज दिसत नाही. कुणीतरी, म्हणजे विमानानं, ड्रोननं, उपग्रहानं किंवा मासेमारी बोटीवरच्या माणसानं सांगावं लागतं की जहाज इथं आहे, या दिशेनं, या वेगानं चाललंय. माहिती दहा मिनिटं शिळी असेल तर जहाज तोवर काही किलोमीटर पुढे गेलेलं असतं आणि डोळा उघडल्यावर समोर जे येईल ते लक्ष्य. १ जुलै २०१६ रोजी तैवानच्या नौदलाकडून सरावाच्या वेळी एक श्युंग-फेंग ३ चुकून सुटलं. त्यानं एका मासेमारी बोटीला गाठलं, ते न फुटता आरपार गेलं आणि बोटीचा कप्तान ठार झाला. सीकरला झेंडा वाचता येत नाही.

बचावाचा बाजारही याच्याच सावलीत वाढतोय. लांबून पाडायला विमानविरोधी क्षेपणास्त्रं, मध्ये चकवे, आणि अगदी शेवटी फॅलँक्ससारखी आपोआप चालणारी तोफ, जी मिनिटाला ४,५०० गोळ्यांच्या वेगानं समोर धातूची भिंत उभी करते. जानेवारी २०२४ च्या शेवटी तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथींनी सोडलेलं एक क्षेपणास्त्र अमेरिकन युद्धनौका 'ग्रेव्हली'नं याच तोफेनं पाडलं, तेव्हा ते जहाजापासून सुमारे दीड किलोमीटरवर पोचलं होतं. म्हणजे पाचेक सेकंद.

सराव करायलासुद्धा माल लागतो. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकन नौदलाला आपल्या जहाजांची परीक्षा घ्यायला वेगवान क्षेपणास्त्रं हवी होती, तर त्यांनी सरळ रशियाकडून ख-३१ विकत घेऊन त्यांची उडती लक्ष्यं केली. ज्याच्यापासून वाचायचं, त्याच्याच दुकानातून खरेदी.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. १७ मे १९८७ रोजी इराकी विमानानं सोडलेल्या दोन एक्झोसेंनी 'स्टार्क' या अमेरिकन फ्रिगेटवर ३७ जणांचा जीव घेतला. फॅलँक्स जहाजावर होती, पण आपोआप मारा करण्याच्या स्थितीत नव्हती. १४ जुलै २००६ रोजी लेबनॉनच्या किनाऱ्यासमोर इस्रायलच्या 'हनित' या युद्धनौकेला सी-८०२ जातीचं क्षेपणास्त्र लागलं, चौघे मेले. अशी क्षेपणास्त्रं पाडणारी बराक यंत्रणा जहाजावर होती, पण चालू नव्हती, कारण हिजबुल्लाकडे असलं काही असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. शेफील्डवर तर त्या वेळी उपग्रहामार्फत संदेशवहन चालू होतं आणि त्यामुळे शत्रूच्या रडारची चाहूल देणारं यंत्र बधिर झालं होतं. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेननं किनाऱ्यावरून सोडलेल्या दोन नेपच्यूननी बुडवलेल्या रशियाच्या 'मॉस्कवा'वर तर लांब पल्ल्याच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा साठाच होता. ते साडेअकरा-बारा हजार टनांचं, काळ्या समुद्रातल्या ताफ्याचं प्रमुख जहाज. दीड मिनिटाचा हिशेब माणूस जागा आणि यंत्र चालू आहे असं धरून केलेला असतो.

मॉस्कवानंतर किनाऱ्यावरच्या ट्रकला गिऱ्हाईक वाढलं, पण ही युक्ती नवी नाही. फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाच्या नौदलातल्या तंत्रज्ञांनी 'सेगुई' या विनाशिकेवरची दोन क्षेपणास्त्रं लाँचरसकट उतरवली, एका ट्रेलरवर बसवली आणि विमानातून बेटावर नेली. आपण जहाजावरच आहोत असं क्षेपणास्त्राला वाटावं म्हणून त्यांनी विजेच्या खोक्यांचा एक जुगाड केला. १२ जूनच्या पहाटे ब्रिटिश युद्धनौका 'ग्लॅमर्गन' किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर होती. रडारवर ठिपका दिसताच जहाजानं वेगानं वळून पाठ त्याच्याकडे केली, त्यामुळे क्षेपणास्त्र कुशीत न शिरता डेकवरून घसरत हेलिकॉप्टरच्या हँगरमध्ये गेलं. १४ जण गेले, जहाज वाचलं.

२०२५ च्या वसंतात अमेरिकन मरीन दलानं फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला, तैवानच्या दक्षिणेकडच्या सामुद्रधुनीत असलेल्या बातानेस बेटांवर, सरावासाठी एक छोटी गाडी उतरवली. तिच्यावर दोन एनएसएमची जागा होती. ट्रेलर ओढायला ट्रक नव्हता, आणि गाडीत चालकाची जागाच नव्हती.